दहा गिऱ्हाइकांचे मत आणि बाजाराचा कौल

बाजारात सर्वांत स्वस्त काय मिळते, असे कुणी विचारले तर आम्ही सांगू : मत. सिटी चौकात उभे राहा, गुलमंडीत जा की शहागंजात, 'हल्ली लोकांना हेच पाहिजे' असे छातीठोकपणे सांगणारे दहा जण दहा मिनिटांत भेटतील. कोणी म्हणेल, हिमरूच्या शालीवरची बदामी बुट्टी आता चालत नाही. कोणी म्हणेल, फिके रंग आणा. हे सांगणाऱ्याचे काही जात नाही. ते ऐकून ज्याने ताणा बदलला, जॅकार्डचे नवे पत्ते पाडून घेतले, सूत-रेशीम उधारीवर उचलले, त्या कारागिराचे मात्र भांडवल अडकते. मोठ्या कारखानदाराचा एक हंगाम चुकला तर तो पुढच्या हंगामात भरून काढतो. दोन मागांच्या विणकराचा एक हंगाम चुकला तर माग विकायची पाळी येते. आपल्या शहरात (आज सरकारी नाव छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचे औरंगाबाद) हिमरू आणि मशरू विणणारे हात मोजकेच उरले आहेत. म्हणून गिऱ्हाइकाचे मत कसे घ्यावे आणि घेतलेल्या मतावर किती भरवसा ठेवावा, हा प्रश्न आपल्या रोजीरोटीचाच आहे.

या विषयाला एक शास्त्र आहे. मराठीत त्याला संख्याशास्त्र म्हणतात, उर्दूत शुमारियात. मोठ्या कंपन्या आपला माल, आपले दुकान, आपले मोबाइलवरचे ॲप गिऱ्हाइकाला कसे वाटते याचा अभ्यास करतात. त्याला त्या 'यूजर एक्सपीरियन्स रिसर्च', म्हणजे वापरणाऱ्याच्या अनुभवाचा अभ्यास म्हणतात. त्यात एक शब्द वारंवार येतो : सांख्यिकीय सार्थकता. शब्द जड आहे, पण अर्थ आपल्या धंद्यातलाच आहे. जो फरक दिसला तो खरा, की नुसता योगायोग? एवढाच हा सवाल आहे.

शितावरून भात, मुठीवरून खंडी

मराठीत म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. आम्ही उर्दू शाळेत शिकलो तिथे याच अर्थाची फारसी म्हण होती : मुश्ते नमूना अज खरवारे, म्हणजे गाढवभर ओझ्यातून मूठभर वानगी. दोन्ही म्हणी खऱ्या आहेत, पण एका अटीवर. शितावरून भात कळतो, कारण पातेले एकदा ढवळलेले असते. न ढवळलेल्या पातेल्यात वर कच्चे आणि तळाला करपलेले असेल, तर वरचे शीत काय सांगणार?

हदीसमध्ये एक प्रसंग प्रसिद्ध आहे. सहीह मुस्लिममध्ये तो आलेला आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका राशीजवळ थांबले आणि त्यांनी राशीच्या आत हात घातला. बोटांना ओल लागली. विचारल्यावर मालकाने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा प्रेषितांनी त्याला बजावले की भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वरच का ठेवले नाहीस, आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे. या प्रसंगातला ईमानदारीचा धडा आपण सर्व जाणतो. व्यापाऱ्याने त्यातून आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : राशीचा वरचा थर म्हणजे रास नव्हे. वानगी आतून, सगळीकडून घ्यावी लागते. अडतीवर पोत्यात लोखंडी नळी खुपसून वर-खाली, मध्ये असा माल काढून पाहतात तो याचसाठी.

गिऱ्हाइकांचेही तसेच आहे. दुकानात येऊन बसणारे, चहा घेणारे, ओळखीचे गिऱ्हाईक हा राशीचा वरचा थर. जे आले आणि काही न घेता गेले, जे समोरच्या दुकानात गेले, जे आपल्या गल्लीत पाऊलच टाकत नाहीत, ते खालचे थर. त्यांना कुणी विचारत नाही.

कापसाच्या शेतातले संख्याशास्त्र

हे शास्त्र परदेशातून आले असले तरी आपल्या मातीत ते रुजवणाऱ्यांत मराठी माणसे होती, आणि त्यांचे काम कापसावर होते, हे आपल्या कापड व्यापाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

मराठवाड्याच्या शेतकऱ्याला आणेवारी हा शब्द नवा नाही. पीक किती आणे आले, हे पूर्वी गावकामगार नजरेने ठरवीत. नजरेचा अंदाज कधी सारा कमी व्हावा म्हणून खाली झुके, कधी वरिष्ठांची मर्जी राखण्यासाठी वर. अशा अंदाजावर कापसाचा भाव, जिनिंगचा सौदा आणि सरकारचे धोरण उभे असे. १९४०च्या दशकात सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले (१९११) डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि इंदूरच्या संस्थेत कापसावर काम करणारे विनायक गोविंद पानसे यांनी नजरेऐवजी मोजणी आणली. चिठ्ठ्या टाकल्यासारखी गावे निवडायची, त्या गावांतली शेते तशीच निवडायची, शेतातला मोजका तुकडा आखून तेवढ्याच तुकड्यातले पीक प्रत्यक्ष काढून वजन करायचे. कोणते शेत घ्यायचे हे ना तलाठ्याच्या हाती, ना शेतकऱ्याच्या. आज आपण ज्याला पीक कापणी प्रयोग म्हणतो आणि पीक विम्याची भरपाई ठरवताना ज्याचा आधार घेतला जातो, त्याचे मूळ या कामात आहे. या दोघांनी लिहिलेला शेती संशोधनातील संख्याशास्त्रीय पद्धतींचा ग्रंथ १९५४ साली निघाला आणि पुढच्या अनेक पिढ्या त्यावर शिकल्या. सुखात्मे १९५१ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते.

सुखात्म्यांनी दाखवलेली एक बाब व्यापाऱ्याने गाठीला बांधावी अशी आहे. मोजणीचा तुकडा फार लहान घेतला तर पीक खऱ्यापेक्षा जास्त दिसते, असे त्यांना आढळले. कारण साधे आहे. तुकड्याच्या कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, अशी शंका आली की मजूर ते आतच धरतो. लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानाने कडा जास्त, म्हणून ही वाढही जास्त. आता असे लहान तुकडे शंभराऐवजी हजार घेतले तरी काय होईल? चूक तेवढीच राहील, फक्त ती अधिक खात्रीने सांगितली जाईल. तात्पर्य, वजनकाटाच एका बाजूला झुकलेला असेल तर हजार वेळा तोलूनही खरे वजन कळत नाही.

अमेरिकेत हे १९३६ साली सगळ्या जगाने पाहिले. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. २३-२४ लाख परत आल्या. त्यावरून साप्ताहिकाने लँडन जिंकणार असे सांगितले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते काढले होते ते टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांतून, आणि मंदीच्या काळात गरीब माणसाकडे दोन्ही नव्हते. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी सगळ्यांनी घेतली नव्हती. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी माणसांना विचारून विजेता बरोबर सांगितला. आज मोबाइलवर ग्राहकांचा गट करून 'कोणता रंग आवडला' असे विचारणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. गटात आहेत ते आधीच आपले आहेत, आणि उत्तर देतात ते त्यातलेही मोजके.

सात विरुद्ध तीन

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. समजा, वानगी नीट घेतली. दहा अनोळखी गिऱ्हाइकांना दोन शाली दाखवल्या, एक बदामी बुट्टीची, एक नव्या नक्षीची. सात जणांनी नवी पसंत केली, तिघांनी जुनी. दलाल म्हणेल, शंभरात सत्तर लोकांना नवी नक्षी पाहिजे. पण हे खरे आहे काय?

याचा हिशेब असा करतात. क्षणभर धरून चाला की दोन्ही शाली लोकांना सारख्याच आवडतात आणि प्रत्येक जण जणू नाणे उडवून बोट दाखवतो. तर मग नुसत्या नशिबाने सात-तीन किंवा त्याहून मोठा फरक, या बाजूचा किंवा त्या बाजूचा, किती वेळा दिसेल? उत्तर आहे, शंभरात सुमारे ३४ वेळा. म्हणजे तीन वेळांतून एकदा. जे तीनदा नाणी उडवून एकदा दिसते, त्याच्या जोरावर ताणा बदलायचा का?

आता तेच प्रमाण मोठ्या संख्येत पाहा. शंभर गिऱ्हाइकांना विचारले आणि ७० जणांनी नवी नक्षी घेतली. प्रमाण तेच, शेकडा ७०. पण नुसत्या नशिबाने एवढा फरक दिसण्याचा संभव दहा हजारांत एकदाही नाही. येथे मात्र म्हणता येईल की नवी नक्षी लोकांना खरोखरच जास्त आवडते आहे.

इंग्लंडचे रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात एक सोयीची रेषा सुचवली : नशिबाने असा फरक शंभरात पाचपेक्षा कमी वेळा दिसत असेल तर तो दखल घेण्याजोगा, म्हणजे सार्थक मानावा. ही काही आसमानातून उतरलेली रेषा नव्हे, माणसांनी ठरवलेला रिवाज आहे. त्या रेषेने दोन वस्तूंतली पसंती तपासायची तर आमच्या व्यापारी बांधवांनी पुढचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. ६ जणांना विचारले तर सहाच्या सहा एका बाजूला हवेत. पाचांना विचारले तर पाचही एका बाजूला आले तरी पुरत नाही. १० जणांत ९ हवेत, २० जणांत १५, ३० जणांत २१, ५० जणांत ३३, १०० जणांत ६१ आणि २०० जणांत ११५. संख्या वाढते तशी शेकडेवारीची गरज उतरत जाते, हे येथे सहज दिसेल.

पण उलट बाजूही आहे. आकडा रेषेपर्यंत पोचला नाही म्हणजे 'दोन्ही माल सारखेच' असे सिद्ध होत नाही. समजा खरोखर शंभरात साठ गिऱ्हाइकांना नवी नक्षी आवडते. वीस जणांना विचारून हा फरक रेषेपार दिसण्याचा संभव आठांत फक्त एकदा. दोनशे जणांना विचारले तर पाचांत जवळपास चार वेळा दिसेल. थोड्यांना विचारून 'फरक नाही' म्हणणारा माणूस म्हणजे काळोखात डोकावून 'खोलीत कोणी नाही' म्हणणारा.

खबर-ए-वाहिद आणि मुतवातिर

आपल्या वाचकांना हा विचार परका वाटू नये. सूरह अल-हुजुरातमध्ये बातमी आणणाऱ्याच्या बातमीची आधी चौकशी करण्याचा हुकूम आहे, अजाणतेपणी कोणाचे नुकसान होऊन नंतर पश्चात्ताप करावा लागू नये म्हणून. हदीसच्या विद्वानांनी तर यासाठी पूर्ण शास्त्र उभे केले. प्रत्येक पिढीत इतक्या लोकांनी सांगितलेली रिवायत, की त्या सर्वांनी संगनमत करून खोटे रचणे अशक्य, ती मुतवातिर. ती यकीन देते. त्या संख्येला न पोचणारी ती खबर-ए-वाहिद. ती टाकून देत नाहीत, पण सांगणाऱ्याचा खरेपणा आणि साखळी पारखून मगच घेतात. दीनचे इल्म आणि दुकानाचा हिशेब एक नव्हे, हे आम्ही जाणतो. पण काळजी घेण्याची सवय तर तिथून घेता येते.

त्यात एक बारकावा आहे. नुसती संख्या पुरत नाही, सांगणारे एकमेकांपासून वेगळे हवेत. आपल्या धंद्यात याचा रोज उपयोग आहे. लग्नाच्या खरेदीला एका घरातल्या सात बाया आल्या. मोठ्या खालाजानने एका साडीवर बोट ठेवले आणि बाकीच्या सहा जणींनी मान डोलावली. ही सात मते नव्हेत, एक मत आहे. एकाच वरातीचे, एकाच मोहल्ल्याचे, एकाच बसने वेरूळ पाहून आलेल्या प्रवाशांचे मत मोजताना हा नियम पाळला नाही तर वर दिलेले आकडे निरुपयोगी ठरतात.

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी यांनी गुप्त लिपीतली पत्रे उलगडण्यासाठी कोणते अक्षर किती वेळा येते, याची मोजणी करण्याची रीत लिहून ठेवली. मोजून निष्कर्ष काढण्याच्या विद्येचा हा फार जुना नमुना आहे. दोन ओळींच्या चिठ्ठीत अशी मोजणी लागत नाही, मजकूर लांब हवा. थोड्या वानगीची मर्यादा तेव्हाही तीच होती.

पारख्याची परीक्षा

हिमरूचा नाव घेऊन पॉवरलूमचा माल विकला जातो, ही आपल्या विणकरांची जुनी तक्रार आहे. हिमरू म्हणजे सुती ताण्यावर रेशमाची नक्षी, किमखाबाची सर आणणारे कापड. मशरूत रेशीम बाहेर आणि सूत अंगाला, म्हणून शरीअतच्या दृष्टीने वापरायला मुभा असलेले, असा त्या नावाचाच अर्थ. हातमागाचा माल ओळखता यावा म्हणून केंद्र सरकारने २००६ साली 'हँडलूम मार्क' सुरू केला. तरी बाजारात 'मी हात लावूनच सांगतो' म्हणणारे पारखी असतात. त्यांचा दावा तपासायचा कसा?

फिशर यांनी १९३५ च्या ग्रंथात यासारखीच परीक्षा सांगितली आहे. एका बाईंचा दावा होता की कपात आधी दूध घातले की आधी चहा, हे त्यांना चवीवरून कळते. फिशर यांनी आठ कपांची रीत मांडली : चार एका प्रकारचे, चार दुसऱ्या प्रकारचे, क्रम चिठ्ठी टाकून. आठांतून चार निवडण्याच्या रीती ७०. म्हणजे काही कळत नसता चारही बरोबर निघण्याचा संभव ७० त एक, शंभरात दीडपेक्षाही कमी. पण चारात किमान तीन बरोबर? ते नशिबाने ७० त १७ वेळा, म्हणजे जवळपास चारांतून एकदा घडते.

आपणही तेच करावे. चार तुकडे हातमागाचे, चार पॉवरलूमचे, सारख्या रंगाचे, सारख्या मापाचे कापावेत. पाठीमागे खूण करावी, चिठ्ठीने क्रम लावावा आणि पारख्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधावा. देणाऱ्यालाही कोणता तुकडा कोणता हे ठाऊक नसावे, नाहीतर त्याचा चेहराच सांगून जातो. चारही ओळखले तर पारखी खरा, त्याला मान द्यावा. तीन ओळखले तर पुन्हा परीक्षा घ्यावी.

थोड्या वानगीतून शक्य तेवढे शिकण्याची विद्याही एका कारखान्यातच वाढली. विल्यम गॉसेट नावाचे गृहस्थ डब्लिनच्या गिनेस कारखान्यात होते. त्यांना जवाची परीक्षा थोड्याशा नमुन्यांवर करावी लागे. १९०८ साली त्यांनी त्याची रीत 'स्टुडंट' या टोपणनावाने छापली. तो कारखाना दारूचा, त्या धंद्याशी आपले देणेघेणे नाही. पण इल्म कुठूनही घ्यावे.

पाच माणसे कधी पुरतात

येथे वाचक म्हणतील, पाच-सहा जणांना विचारणे मग अगदी वायाच का? तसे नाही. कशासाठी विचारता, यावर ते आहे. १९९३ साली जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉर यांनी कॉम्प्युटरवरच्या कामांचा अभ्यास करून दाखवले की एक माणूस वापरताना अडचणींपैकी सरासरी शेकडा ३१ उघड करतो, आणि या हिशेबाने पाच माणसांत शेकडा ८५ च्या आसपास दोष सापडतात. म्हणून दुकानाच्या मोबाइल कॅटलॉगवर ऑर्डर देताना लोक कुठे अडतात, दुकानाची पाटी वाचता येते की नाही, शेरवानीचे बटन कुठे अडकते, हे पाहायला पाच माणसे भरपूर. दोष शोधायला थोडे लोक पुरतात. पण 'हे चांगले की ते', 'शंभरात किती' असे तोलायचे असेल तर पाच माणसे म्हणजे काहीच नाही. हे दोन सवाल एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

तीन फसगती

पहिली फसगत म्हणजे पुष्कळ गोष्टी तपासून जी जिंकली तेवढीच सांगणे. वीस नक्षी तपासल्या, प्रत्यक्षात कोणतीच वेगळी नाही, तरी शंभरात पाचाच्या रेषेने एखादी तरी 'सार्थक' निघण्याचा संभव शंभरात ६४ असतो. २००९ साली गूगल कंपनीने निळ्या रंगाच्या ४१ छटा लोकांवर तपासल्याची बातमी गाजली. ४१ तुलनांत काहीच फरक नसला तरी दोनेक नशिबानेच चमकतील, हे तपासणाऱ्याने आधी ओळखावे लागते. म्हणून कोणी 'आम्ही सर्व्हे केला' म्हणाले की आधी विचारावे, एकूण किती गोष्टी तपासल्या?

दुसरी, मनासारखा आकडा दिसला की मोजणी थांबवणे. सकाळी पहिले सहा गिऱ्हाईक नव्या नक्षीचे निघाले, वही मिटली. संध्याकाळपर्यंत थांबले असते तर चित्र पालटले असते. बोहनी चांगली झाली की दिवस चांगला, ही समजूत अशाच अर्धवट मोजणीतून जन्मते. चांगले दिवस लक्षात राहतात, बाकीचे वहीतच राहतात.

तिसरी फसगत सर्वांत मोठी, सार्थक म्हणजे महत्त्वाचे असे समजणे. दहा हजार गिऱ्हाइकांत ५,१०० जणांनी नवी नक्षी घेतली आणि ४,९०० जणांनी जुनी, तर हा फरक रेषेच्या पार जातो. तो योगायोग नसावा. पण शंभरात दोनाच्या फरकासाठी नवा ताणा, नवे पत्ते, कारागिराची शिकवणी परवडेल का? संख्याशास्त्र सांगते फरक आहे की नाही. त्यात बरकत किती, हे आपल्या खातेवहीनेच सांगायचे. अमेरिकेच्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१६ साली जाहीर निवेदन काढून हेच बजावले की हा आकडा परिणाम किती मोठा आहे ते सांगत नाही, आणि आपले म्हणणे खरे असण्याचा संभवही सांगत नाही. निर्णय त्या एका आकड्यावर सोपवू नये.

आपल्या दुकानात हे कसे करावे

खर्च फारसा नाही. एक वही, एक पेन आणि सबुरी. सवाल एकच ठेवावा आणि तो आधी लिहून ठेवावा. किती जणांना विचारायचे तेही आधी ठरवावे, शंभर तर शंभर. दुकानात येणारा प्रत्येक पाचवा माणूस घ्यावा, मग तो ओळखीचा असो वा नसो, घेणारा असो वा नुसता पाहणारा. दिवस वेगवेगळे घ्यावेत, जुमाचा, रविवारचा आणि मधल्या वाराचा. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतली गर्दी वेगळी, लग्नसराईची वेगळी, म्हणून ईदचा आकडा वर्षभर चालवू नये. दोन्ही शाली सारख्या उजेडात, आळीपाळीने आधी-नंतर दाखवाव्यात, कारण पहिली दाखवलेली वस्तू मनात बसते. तोंडाने एकीची तारीफ करू नये. एका घरातल्या सर्वांचे मिळून एकच मत लिहावे. आणि शक्य तर मत विचारण्याऐवजी खरेदी पाहावी. 'माशाअल्लाह, सुंदर आहे' म्हणून निघून जाणारे पुष्कळ असतात. खिशातून निघालेला पैसा खोटे बोलत नाही.

एकट्या विणकराला शंभर गिऱ्हाईक मिळणे अवघड आहे, हे आम्हाला मान्य आहे. म्हणून चार-पाच दुकानदारांनी आणि विणकरांनी मिळून एकाच रीतीने वही ठेवावी. प्रत्येकाने वीस-पंचवीस मोजले तरी शंभर होतात. मात्र प्रत्येकाने पूर्ण वही दाखवावी, आपल्या मालाला न आवडणारे आकडेही. त्यात लबाडी केली तर ती ओले धान्य राशीच्या खाली दडवण्यासारखीच आहे.

हाच डोळा समाजाबद्दलच्या आकड्यांकडेही असावा. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुसलमानांच्या रोजगार-शिक्षणाचे चित्र देशासमोर ठेवले, त्यात राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २००४-०५ च्या ६१ व्या फेरीचा आधार होता. नमुन्यावरचे आकडे देशासाठी, राज्यासाठी भक्कम असतात. तेच एका जिल्ह्यातल्या एका बिरादरीपर्यंत उतरवले की मागे मोजकी घरे उरतात. आपल्या बाजूचा असो वा विरुद्ध बाजूचा, आकडा ऐकला की विचारावे : किती जणांना विचारले, कसे निवडले, आणि हे नशिबाने किती वेळा दिसले असते?

हे तीन सवाल व्यापारी बांधवांनी आपल्या मुलांनाही शिकवावेत. ती आता मोबाइलवर दुकान चालवतील, त्यांच्यापुढे आकड्यांचे डोंगर येतील. ज्या विणकराचे घर आपल्या ऑर्डरवर चालते त्याला 'माल बदला' म्हणण्याआधी आपण नीट मोजले आहे ना, एवढी जबाबदारी प्रत्येक दुकानदाराची आहे. त्याचा ताणा ही आपल्याकडे अमानत आहे. अल्लाह आपल्या व्यवहारात बरकत देवो आणि मोजमापात इन्साफ करण्याची तौफीक देवो.